तीन नंबरची जागा

दहीहंडीच्या दुसऱ्या दिवशीचे पेपर काढून बघा. फोटो बहुतेक वेळा खालून कापलेला असतो. हंडी दिसते, हंडीला हात घालणारं पोर दिसतं, त्याच्या खालचे तीन-चार थर दिसतात, मागे आयोजकांचं बॅनर दिसतं. पहिला थर चौकटीच्या बाहेर जातो. आलाच तर नुसत्या ओल्या पाठी आणि एकमेकांत अडकलेले हात. त्यातला कुठला हात कुणाचा, हे घरच्यांनाही ओळखता येत नाही.

त्या पाठींपैकी एक पाठ २०२५ च्या पावसाळ्यात आमच्या पथकातून कमी झाली. १० जुलैला गुरुपौर्णिमा होती. बहुतेक पथकांप्रमाणे आमचाही सराव गुरुपौर्णिमेला नारळ फोडून सुरू होतो. गोपाळकाला १६ ऑगस्टला. मधे छत्तीस रात्री. एवढ्या दिवसांत पहिल्या थरातली एक जागा भरायची होती.

ही जागा म्हणजे काय, हे आधी सांगतो, कारण बाहेरून बघणाऱ्याला खालची सगळी गर्दी सारखीच वाटते. तशी ती नसते. आमचं पथक डोंबिवली पूर्वेचं, छोटं, सात थरांचं. अगदी आत सहा जण गोल करून, तोंडं आत, एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून उभे राहतात. दुसऱ्या थराचे पाय यांच्याच खांद्यांवर येतात. या सहांच्या भोवती दुसरं रिंगण, त्याच्या भोवती तिसरं, मग मिळेल तेवढी माणसं. बाहेरच्या रिंगणांवर उभं वजन जवळजवळ येत नाही. त्यांचं काम आडवं असतं: आतल्यांच्या पाठीला हात लावून आत दाबत राहायचं, म्हणजे गोल फाकत नाही. शिवाय वरून कुणी पडलं तर ते याच माणसांवर पडतं. मी नऊ वर्षं दुसऱ्या रिंगणात आहे. कॉलेजात असताना चौथ्या थरावर चढायचो. नोकरी लागल्यावर वजन आणि बसणं दोन्ही वाढलं, तसा खाली आलो.

आतल्या सहा जागांना आमच्याकडे नंबर आहेत. तीन नंबरला गेली चौदा वर्षं एकच माणूस उभा राहत होता. आम्ही त्याला भाऊ म्हणतो. वय अडतीस, भिवंडीच्या गोदामात नोकरी, राहायला आधी आमच्या शेजारच्या चाळीत आणि आता बदलापूरला. मे महिन्यात त्याचा डावा पाय बधिर व्हायला लागला. एमआरआय काढला. कमरेतल्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली गादी सरकलेली निघाली. डॉक्टरांनी वजन उचलायला बंदी केली. भाऊने रिपोर्टचा फोटो ग्रुपवर टाकला आणि खाली एवढंच लिहिलं : ‘यंदा मी बाहेरून.’

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. पदवी इंजिनीअरिंगची आहे, ती कुठे उपयोगी पडत नाही, पण आकडा मांडायची खोड राहते. त्या रात्री मी मनोरा कागदावर मांडला. आमच्या रचनेत दुसऱ्या थरावर सहा जण, तिसऱ्यावर चार, चौथ्यावर तीन, पाचव्यावर दोन, मग वर एकेक. सरासरी वजनं धरली : दुसऱ्या थराचे ६५ किलो, तिसऱ्याचे ५८, चौथ्याचे ५२, पाचव्याचे ४५, सहावा ४० आणि सातवं पोर ३२. बेरीज ९४०. सहा जणांत वाटलं तर माणशी सुमारे १५७ किलो. म्हणजे प्रत्येकाच्या खांद्यांवर दोन माणसं आणि वर थोडं, तेही सगळं सरळ राहिलं तर. मनोरा एका बाजूला झुकला की त्या बाजूच्या दोघांवर किती येतं, ते कागदावर सांगता येत नाही.

आता तीन नंबर कच्चा असेल तर? सगळ्यांना वाटतं, बाकीचे पाच जण ओझं वाटून घेतील, ९४० भागिले ५, म्हणजे १८८. पण गोलात तसं होत नाही. तीनचं ओझं पाच जणांकडे जात नाही, शेजारच्या दोन आणि चारकडे जातं. त्यांच्यावर प्रत्येकी आणखी ७८ किलो, म्हणजे २३५. ते दोघं तेवढं पेलू शकत नाहीत. तीन नंबर बसला की आधी दोन आणि चार बसतात, आणि वरच्यांना कळायच्या आत सगळं आत कोसळतं. थर पडतात ते बऱ्याचदा वरून पडल्यासारखे दिसतात. खालच्यांना विचारलं तर ते सांगतात, आधी गुडघा गेला होता.

आमच्या कंपनीची अर्धी टीम अमेरिकेत बसते. रात्रीच्या कॉलनंतर तिकडच्या एका सहकाऱ्याला मी हे सांगत होतो. तो त्यांच्या फुटबॉलचा वेडा. पाय लावायचा फुटबॉल नाही, हेल्मेटवाला. तो म्हणाला, हे तर आमच्या ऑफेन्सिव्ह लाइनचं दुखणं आहे. मग त्याने मला तासभर समजावलं.

त्यांच्या खेळात चढाई करणाऱ्या बाजूचे पाच धिप्पाड गडी एका रांगेत उभे राहतात. मधला सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, टोकांना टॅकल. त्यांनी बॉल घेऊन पळायचं नसतं, नेहमीच्या खेळीत फेकलेला बॉल झेलायचीही त्यांना परवानगी नसते. मागे उभा असलेला क्वार्टरबॅक बॉल फेकेपर्यंत समोरच्यांना अडवून धरायचं, एवढंच काम. क्वार्टरबॅक उजव्या हाताचा असेल तर फेकताना त्याची पाठ डावीकडे वळते आणि तिकडून येणारा त्याला दिसत नाही. ती बाजू डावा टॅकल सांभाळतो. १८ नोव्हेंबर १९८५ च्या सामन्यात न्यूयॉर्क जायंट्सच्या लॉरेन्स टेलरने वॉशिंग्टनच्या जो थाइझमनला पाडलं. त्याच्या पायाचं हाड टीव्हीवर लाखो लोकांसमोर मोडलं आणि तो पुन्हा कधी खेळला नाही. ज्या जागेकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं, तिची किंमत पुढच्या काळात वाढत गेली. आज डाव्या टॅकलला संघातल्या बऱ्याच नावाजलेल्या खेळाडूंपेक्षा जास्त पैसे मिळतात.

मी विचारलं, त्यातला एक गेला तर तुम्ही काय करता? तो म्हणाला, तीनच रस्ते आहेत. पैसे देऊन बाहेरचा तयार माणूस आणायचा. नाहीतर ड्राफ्टमध्ये कॉलेजचा पोरगा उचलायचा आणि तो शिकेपर्यंत मार खायचा. नाहीतर आतला गार्ड सरकवून टॅकलला लावायचा, पण मग गार्डची जागा रिकामी होते. पाचही जण एकमेकांच्या हालचाली न बघता ओळखतात, ती ओळख कुठल्याच रस्त्याने विकत मिळत नाही.

आमच्याकडेही याच क्रमाने झालं.

पहिला रस्ता बाहेरच्या माणसाचा. दहा वर्षांपूर्वी हा विचार कुणी मोठ्याने बोललं नसतं. पथक म्हणजे गल्ली, आणि गल्लीबाहेरचा माणूस खांद्याला खांदा लावून उभा राहणं म्हणजे अपमान. पण हा खेळ आता गल्लीत उरलेला नाही. २०१२ मध्ये जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने ठाण्यात नऊ थर लावले, ४३.७९ फूट, आणि गिनीज बुकात नाव गेलं. ऑगस्ट २०२२ मध्ये राज्य सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला. २०२३ पासून प्रो गोविंदाची स्पर्धा सुरू झाली, पथकांच्या टीम झाल्या, टीमचे मालक झाले. चांगल्या खालच्या माणसाला आता फोन येतात.

आमच्या ओळखीतून ठाण्याचा एक पोरगा आला. ब्याण्णव किलो, जिममध्ये घडवलेले खांदे, दोन मोसम मोठ्या पथकाच्या पहिल्या थरात काढलेले. आमचे प्रशिक्षक, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, त्यांनी त्याला तीन नंबरला उभा केला आणि चार थर चढवले. पोरगा खांबासारखा उभा. पण त्याचा खांदा शेजारच्यांपेक्षा जवळजवळ चार इंच वर येत होता. वर चढणाऱ्याचा एक पाय दोन नंबरवर आणि एक तीन नंबरवर असतो. तो तिरका उभा राहिला. तिसऱ्या थरापर्यंत तो तिरकेपणा दिसेनासा होतो, पाचव्यापर्यंत दुप्पट होतो.

दादांनी थर उतरवले आणि मैदानाच्या भिंतीवर खडूने आडवी रेघ मारली. आतल्या पाच जणांना भिंतीला पाठ लावून उभं केलं आणि रेघ त्यांच्या खांद्यांच्या उंचीला जुळवली. डोक्याच्या नाही, खांद्याच्या. ‘पाच फूट सहाच्या दोघांचे खांदेसुद्धा सारखे नसतात,’ ते म्हणाले. ‘आपल्याला मोठा माणूस नको, ह्या रेघेवरचा पाहिजे.’

मी मोबाइलवर मांडलेली वजनांची यादी दाखवली. त्यांनी ती शांतपणे पाहिली. ‘चांगलं केलंस. पण इंजिनीअर, ह्यात श्वास कुठे लिहिलाय?’

मला आधी ते कळलं नाही. मग भाऊने समजावून सांगितलं. आतले सहा जण ठरावीक वेळी श्वास सोडतात, वरचा थर पाय रोवतो त्या क्षणी. कुणी कुणाला सांगत नाही. चौदा वर्षांत तो ताल आपोआप बसला होता. ठाण्याच्या पोराचा ताल त्याच्या जुन्या पथकाचा होता आणि तो वाईट नव्हता, वेगळा होता. तिसऱ्या रात्रीनंतर तो त्याच्या जुन्या मित्रांकडे परत गेला. जाताना सगळ्यांशी हात मिळवून गेला, त्यात कुणाला काही वाटलं नाही.

दुसरा रस्ता आतल्या आत सरकवण्याचा. दुसऱ्या थरावरचा एक गडी बरोबर रेघेवर बसत होता. मजबूत, शांत, सगळ्यांच्या ओळखीचा. त्याला खाली आणला की तीन नंबर भरला. पण दुसऱ्या थरावर जागा पडली. ती भरायला तिसऱ्यावरचा खाली, तिसऱ्यासाठी चौथ्यावरचा खाली, चौथ्यासाठी पाचव्यावरचा. एका रिकाम्या जागेच्या चार झाल्या, आणि पाचव्यावर चढायला हलकं कुणी उरेना.

त्याचं कारण पथकाबाहेर आहे, ते सांगायला हवं. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अठरा वर्षांखालच्या मुलांना चढवायला बंदी केली आणि उंचीवर २० फुटांची मर्यादा घातली. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने उंचीची मर्यादा काढली, आणि चौदा वर्षांखालचं मूल चढणार नाही ही सरकारची हमी नोंदवून घेतली. हा नियम योग्यच आहे. पण त्याचं गणित शेवटी पायथ्याशी येतं. वरचं पोर वीस किलोचं होतं तिथे बत्तीसचं झालं. त्याला पेलायला खालचा बत्तीसच्या जागी चाळीसचा लागला, त्याच्या खालचे दोघं पाचेक किलोने वाढले. म्हणजे तीसेक किलो जास्त, आणि ते सगळं सहा जणांच्या खांद्यांवर, माणशी पाच किलो. मूल वाचवायचं तर ते ओझं मोठ्या माणसांनी घ्यायचं, यात गैर काही नाही. फक्त ते कुणी घेतलं याची नोंद कुठे होत नाही.

आणि घेणारे कमी होत चालले आहेत. आतल्या सहांचं वय पंचवीस ते चाळीस. हेच वय डोंबिवली सोडण्याचं. चाळ पाडून टॉवर उभा राहतो, दरम्यान माणूस भाड्याने अंबरनाथला जातो आणि तिथेच राहतो. कुणी टिटवाळ्याला फ्लॅट घेतो. कुणाची रात्रपाळी लागते. कुणी माझ्यासारखा असतो, ज्याचा कॉल नेमका सरावाच्या वेळी येतो. सात वाजता सुरू होणारा सराव आम्ही साडेनऊवर नेला, कारण त्याआधी माणसं लोकलमधून उतरतच नाहीत. आणि शेवटची बदलापूर पकडायची असलेले अकराला घड्याळ बघायला लागतात.

दादांनी दुसरा रस्ता चार रात्रींत बंद केला. जुलै संपत आला होता. ते म्हणाले, रिंगणातल्या सगळ्यांनी रेघेला उभे राहा. मीही उभा राहिलो. माझा खांदा रेघेवर बरोबर बसला. दादांनी माझ्या खांद्याकडे नाही, कमरेकडे पाहिलं आणि पुढे गेले. मी दिवसाचे दहा तास खुर्चीत बसतो, ते त्यांना विचारायची गरज नव्हती.

तिसऱ्या रिंगणातल्या एकाचा खांदा बसला. चोवीस वर्षांचा, दोन वर्षांपूर्वी मराठवाड्यातून आलेला, कल्याणच्या बाजार समितीत हमाली करणारा. आमच्यातल्या निम्म्यांना तो काय करतो हेही माहीत नव्हतं. उशिरा यायचा, मागे उभा राहायचा, संपलं की निघून जायचा, कारण पहाटे तीनला भाजीच्या गाड्या लागतात.

त्याला तीन नंबरला उभा केला. पहिल्या रात्री दोन थर, ठीक. तिसरा चढायला लागला आणि त्याचे पाय हलले. पडला नाही, चालायला लागला. अर्धं पाऊल पुढे, मग मागे. दादा हसले. ‘अरे, तू ओझं घेऊन निघालास कुठे?’ सगळेच हसले, तोही हसला. पण गोष्ट खरी होती. पोतं पाठीवर आलं की हमालाचे पाय आपोआप निघतात. थांबलं तर पोतं जड होतं. सगळं कौशल्य चालण्यात असतं. इथे बरोबर उलटं, दीड-दोन मिनिटं पाय जमिनीत. वजन उचलायला त्याला शिकवायची गरज नव्हती. उभं राहायला शिकवायचं होतं.

ते भाऊने शिकवलं. कमरेला पट्टा बांधून तो रोज बदलापूरहून येत होता. दोन आठवडे तो त्या पोराच्या मागे उभा राहिला, त्याच्या कमरेवर तळहात ठेवून. मान खाली. नजर समोरच्याच्या छातीवर. वर बघायचं नाही, कधीच नाही. थर मोजायचे ते खांद्याने : दुसरा चढला की मान आखडते, चौथा चढला की टाचा कळतात, सहावा चढला की काहीच वेगळं वाटत नाही, फक्त सगळे एकदम गप्प होतात. भाऊने चौदा वर्षांत आपल्या पथकाचा पूर्ण मनोरा फक्त मोबाइलवर पाहिला होता. यंदा पहिल्यांदाच तो बाहेर उभा होता, आणि तरी बघत होता तो त्या पोराचे गुडघे.

मला मात्र एक गोष्ट टोचत होती आणि मी ती बैठकीत बोललो. आपण ज्या माणसाला उभं करतोय, त्याचं पोट त्याच्या पाठीवर आहे. माझी कंबर गेली तर मी घरून काम करेन. त्याची गेली तर दुसऱ्या दिवशी चूल नाही. सरकारने जाहीर केलेल्या मदतीत मृत्यूला दहा लाख आहेत, गोविंदांचा विमा आहे. पण तो अपघाताचा. भाऊच्या मणक्याची गादी कुठल्या दिवशी, कितव्या थराला सरकली? चौदा वर्षांत थोडीथोडी झिजली. झिजेची तारीख नसते, आणि तारीख नसेल तर अर्जात काय लिहिणार?

खोलीत थोडा वेळ कुणी बोललं नाही. भाऊ तिथेच बसला होता. एमआरआय आणि औषधांचा खर्च त्याने स्वतः केला होता, पथकाने विचारलंही नव्हतं. यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. पथकाकडे त्यासाठी खातंच नव्हतं. बक्षिसाचे पैसे येतात ते थरांप्रमाणे, सहाला इतके, सातला इतके. त्यातून बस, टी-शर्ट, जेवण, विमा आणि उरलेल्यातून गणपतीत काहीतरी. वरच्या पोराला वेगळं बक्षीस मिळतं, तेही रास्तच. पहिल्या थराच्या नावाने आजवर एक ओळही नव्हती.

स्पेनमधल्या कातालोनियात असेच मनोरे लावतात, २०१० मध्ये युनेस्कोने त्यांना अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. त्यांचे व्हिडिओ मी पथकाला दाखवले होते. पोरं दहा थर बघत होती. मला दुसरंच दिसलं. तिथे प्रत्येक माणूस कमरेला कित्येक मीटर लांब कापडी पट्टा गच्च गुंडाळतो. चढणाऱ्याला पाय ठेवायला तो उपयोगी पडतो, पण त्याचं पहिलं काम कंबर धरून ठेवणं हे आहे. पायथ्याच्या गर्दीला तिथे स्वतंत्र नाव आहे, पिन्या, आणि तिच्यात कुणी कुठे उभं राहायचं हे ठरवणारा स्वतंत्र माणूस असतो. २००६ मध्ये तिथे एक लहान मुलगी पडून गेली. त्यानंतर वरच्या मुलांच्या डोक्यावर हेल्मेट आलं. म्हणजे तेही अपघातातूनच शिकले. पण पट्टा मात्र अपघाताची वाट न बघता, पिढ्यानपिढ्या बांधत आलेत.

बैठकीत दोन गोष्टी ठरल्या. बक्षिसाच्या रकमेतला दहावा हिस्सा आधी बाजूला काढायचा, पहिल्या थरासाठी, आणि त्यातला पहिला खर्च भाऊच्या उपचाराचा. दुसरी गोष्ट, आतल्या सहांनी आणि लगतच्या रिंगणाने कमरेला पट्टा बांधायचा. आमच्यातल्या एकाच्या आईने नऊवारी लुगडी काढून दिली. लांबीला ती बरोबर पुरली.

उरला हमाल पोरगा. त्याला दादांनी सगळ्यांसमोर नाही, मैदानाबाहेर चहाच्या टपरीवर विचारलं. मी सोबत होतो. दादा म्हणाले, ‘तुला नको असेल तर आत्ता सांग. आपण सहा लावू, कुणी काही म्हणणार नाही.’ तो बराच वेळ ग्लास फिरवत राहिला. मग म्हणाला, ‘दादा, यार्डात मी दिवसभरात किती पोती वाहतो ते मोजतात. मी दमलो का ते कुणी बघत नाही. इथं भाऊंचा हात असतो ना कमरेवर. मी उभा राहतो.’

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात दहिसरला सरावात अकरा वर्षांचा मुलगा पडून गेला. बातमी आली त्या रात्री आमच्याकडे सराव झाला नाही. आमचं वरचं पोर पंधरा वर्षांचं आहे, त्याची आई मैदानावर आली आणि त्याला घेऊन गेली. दोन दिवसांनी तीच त्याला परत घेऊन आली, पण हेल्मेट आणि दोरीशिवाय एकही थर चढणार नाही हे दादांकडून वदवून घेऊन. दादांनी योजना बदलली. सगळीकडे सहाच थर. सात फक्त एका ठिकाणी, आणि तेही त्यांनी हो म्हटलं तर.

१६ ऑगस्टला सकाळपासून धो धो पाऊस. त्याच दिवशी ठाण्यात वर्तकनगरला जोगेश्वरीच्या कोकण नगर पथकाने दहा थर लावले. आम्हाला ते बसमध्ये मोबाइलवर कळलं. पोरांनी खिडकीतून आरोळ्या दिल्या. दहा थरांच्या मनोऱ्याखाली आत किती जण असतील, त्यांच्या रेघा कशा जुळवल्या असतील, याचा मी विचार करत होतो. व्हिडिओत ते दिसत नव्हतं.

आम्ही डोंबिवलीत तीन आणि कल्याणात दोन ठिकाणी सहा थरांची सलामी दिली. सगळ्या उतरल्या नीट. संध्याकाळी सातच्या सुमारास डोंबिवलीत परत आल्यावर दादांनी मान हलवली. मी दुसऱ्या रिंगणात, माझा हात चार नंबरच्या पाठीवर. माझ्या उजवीकडे, भाऊच्या जागी दुसऱ्या रिंगणात उभ्या असलेल्याचा हात तीन नंबरच्या कमरेवर, लुगड्याच्या गाठीवर. मला कुणी दिसत नव्हतं. पाचवा चढल्यावर चार नंबरची पाठ माझ्या तळहाताखाली थरथरली आणि स्थिर झाली. मग सगळे गप्प झाले. ढोल थांबले. पावसाचा आवाज आला. मग वरून शिट्टी.

पुढे ठाण्यात एका ठिकाणी आयोजकांनी सातला दुप्पट जाहीर केलं. दादांनी लावायला घेतला. पाचवा चढत असताना ओरडून सांगितलं, उतरा. एकेक थर उतरला. माईकवरचा माणूस म्हणाला, थोडक्यात हुकलं. काही हुकलेलं नव्हतं. तीन नंबरचा डावा पाय अर्धा इंच सरकला होता, आणि तो दादांनी पंधरा फुटांवरून पाहिला होता. दुप्पट रक्कम गेली. परतीच्या बसमध्ये त्याबद्दल एकदाच कुरबुर झाली. भाऊने पुढच्या सीटवरून मागे वळून बघितलं आणि ती थांबली.

दीड वाजता आम्ही कल्याणला पोचलो. हमाल पोरगा तिथेच उतरला. लुगड्याची घडी काखेत मारून तो बाजार समितीच्या दिशेने चालत गेला. गाड्या तीनला लागतात.

पथकाच्या वहीत आता एक नवं पान आहे. त्यावर आतल्या सहा जागा, प्रत्येकाची खांद्याची उंची, वय, नोकरीची वेळ आणि किती वर्षं उभा आहे ते लिहिलंय. ते पान मी केलं. पाच नंबर छत्तीसचा आहे आणि त्याने नेरळला फ्लॅट बुक केला आहे. त्याच्या मागे कोण, हे गुरुपौर्णिमेची वाट न बघता ठरवायचं आहे. रेघेवर बसणारे दोघं सापडलेत. त्यांतला एक मी आहे. दादांनी मला सकाळी सहाला मैदानावर बोलावलंय, पोत्यात वाळू भरून. ते म्हणाले, कंबर घडायला वर्ष लागतं, तोवर रिंगणातच राहा.